कर्ज काढून घरचा स्टुडिओ? आधी टेबल हलवा

डोंबिवलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 34, भाड्याच्या टू-बीएचकेमध्ये राहतात. जाहिरातींचं डबिंग आणि ऑडिओबुक वाचन करतात, जोडीला स्वतंत्र गायकांची गाणी मिक्स करून देतात. वर्षाला 7 लाख 20 हजार येतात, त्यातले 5 लाख 30 हजार आवाजाच्या कामाचे. घरखर्च महिना 38 हजार, बँकेत 3 लाखांची एफडी आणि बचत खात्यात 85 हजार. त्यांना 10 बाय 10 फुटांच्या बेडरूमचा नीट स्टुडिओ करायचा आहे. कंत्राटदाराचं ‘साउंडप्रूफिंग’ 2 लाख 20 हजार, आठ इंची मॉनिटरची (म्हणजे स्टुडिओतल्या स्पीकरची) जोडी, फक्त बेस वाजवणारा सबवूफर आणि माइक-स्पीकर संगणकाला जोडणारा इंटरफेस मिळून 1 लाख 35 हजार, नवा कंडेन्सर, म्हणजे जास्त संवेदनशील, माइक 55 हजार. एकूण 4 लाख 10 हजार. 2 लाखांचं पर्सनल लोन 15 टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. उरलेले 2 लाख 10 हजार एफडी मोडून.

माझं उत्तर: कर्ज नको, एफडीला हात नको, आणि यादीतल्या बहुतेक वस्तूही आत्ता नकोत.

आधी हिशेब. या कर्जाचा हप्ता साधारण 6,930 रुपये बसतो आणि तीन वर्षांत व्याजापोटी जवळपास 50 हजार जातात. एफडी मोडल्यावर बचत खातं धरून हाताशी 1 लाख 75 हजार उरतील आणि महिन्याचा खर्च हप्त्यासह 45 हजारांच्या घरात जाईल. म्हणजे जेमतेम चार महिन्यांची सोय. तुमच्याच पत्रात आहे की गेल्या पावसाळ्यात सलग दोन महिने काम जवळजवळ नव्हतं. ज्याचा पैसा असा लहरीनं येतो, त्याची दहा महिन्यांची पुंजी ही चैन नाही.

आता खोलीकडे येतो, कारण खरा पैसा तिथेच वाया जाणार आहे. तुम्ही लिहिता, ‘घरी मिक्स छान वाटतं, गाडीत लावलं की बेस अंगावर येतो, म्हणून मोठे मॉनिटर हवेत.’ दोष मॉनिटरचा नाही. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. समोरासमोरच्या भिंतींत एवढं अंतर असलं की 56 हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे खोल बेसचा, आवाज घुमतो. तो भिंतीजवळ फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. लांबी-रुंदी सारखी आणि उंचीही साडेनऊ फूट, त्यामुळे तिन्ही दिशांचा दोष एकाच जागी साचतो. तुमचं टेबल मधोमध आहे. तिथे बेस कमी ऐकू येतो, म्हणून तुम्ही तो वाढवता, आणि गाडी तुमची चुगली करते. आठ इंची स्पीकर आणि सबवूफर आणलात तर याच गोंधळाला आणखी खाद्य मिळेल.

तेव्हा पहिली गुंतवणूक शून्य रुपयांची. टेबल एका भिंतीकडे सरकवा, डोकं खोलीच्या मध्यावर येऊ देऊ नका, दोन्ही स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण करा. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खोलीचा आवाज मोजणारा एक साधा मेझरमेंट माइक घेऊन कुठली पट्टी किती मोठी ऐकू येते याचा आलेख काढा, मग खर्चाचं बोलू.

कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये प्लायवूड आणि दोन इंची फोम आहे, त्याला साउंडप्रूफिंग म्हणणं धाडसाचं आहे. फोम भिंतीवरून परतणारा वरच्या पट्टीचा आवाज शोषतो. शेजारच्या कुकरची शिट्टी त्याला विचारत नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजन आणि हवाबंदपणा लागतो, म्हणजे खोलीत दुसरी खोली. ती भाड्याच्या घरात करायची नसते. 11 महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यानं भिंतीला फोम चिकटवला, तर घर सोडताना तो खरवडण्याचा खर्च डिपॉझिटमधून जातो. शिवाय डोंबिवलीच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर त्यामागे बुरशी येते ती वेगळीच.

त्याऐवजी सुताराकडून 2 बाय 4 फुटांच्या लाकडी चौकटी करून घ्या. आत चार इंच रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), वर हवा जाईल असं कापड. रॉकवूलचे तंतू उडतात, भरताना मास्क लावा आणि कापड नीट ताणून घ्या. काही चौकटी कोपऱ्यांत उभ्या करा, बाकीच्या भिंतीपासून चार इंच पुढे. या फटीमुळे खालच्या पट्टीचा आवाजही जास्त शोषला जातो आणि ओलही धरत नाही. बाजूच्या भिंतीवर कुठे लावायच्या ते कळायला बायकोला आरसा धरून सरकवायला सांगा. तुमच्या खुर्चीतून जिथे आरशात स्पीकर दिसेल ती जागा. मुख्य म्हणजे घर बदललं तर चौकटी टेम्पोत चढतात. हे सगळं 40 हजारांत बसवा, त्यापुढे जाऊ नका.

नवा कंडेन्सर माइक अजिबात नको. तुमचा पैसा आवाजाच्या कामातून येतो हे खरं, पण जास्त संवेदनशील माइक वाईट खोली जास्त स्पष्ट ऐकवतो. ऑडिओबुकच्या कामात अनेक ठिकाणी रेकॉर्डिंगमधला पार्श्वभूमीचा आवाज उणे 60 डेसिबलच्या खाली मागतात (इथे शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी). ते पंखा बंद करून, तुमच्या पाठीमागे दोन जाड रजया टांगून आणि रात्री उशिरा रेकॉर्ड करून जमतं. रजया पाठीमागेच का, तर कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या, माइकचं तोंड तुमच्याकडे असतं आणि तुमच्यामागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्यात थेट शिरतो. बाहेरच्या भाड्याच्या रेकॉर्डिंग बूथवर तुम्ही महिन्याला 6 हजार घालवता. त्यातले निम्मे जरी वाचले, तरी चौकटींचे पैसे सव्वा वर्षाच्या आत सुटतात. मिक्सिंगच्या वर्षाच्या 1 लाख 90 हजारांसाठी 1 लाख 35 हजारांची यंत्रं घेण्याचा हिशेब मात्र मला कुठूनच जुळत नाही.

मिक्ससाठी 25 हजारांपर्यंतचा ओपन-बॅक (कानावरच्या कपांची मागची बाजू उघडी असलेला) हेडफोन घ्या. खालची पट्टी त्यावर तपासा, कारण तिथे खोली मध्ये येत नाही. सध्याचे पाच इंची मॉनिटर राहू द्या आणि हळू ऐका. एवढ्या खोलीत 75 डेसिबलच्या आसपास पुरे.

‘व्याज आणि सामानाचा खर्च दाखवून कर वाचेल’ असं तुमच्या मित्राचं म्हणणं आहे. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य येतो. नसलेला कर वाचवायला 50 हजार व्याज भरायचं? उलट क्लायंटनी कापलेला 48 हजारांचा टीडीएस विवरणपत्र वेळेत भरलं की परत मिळेल. तुम्ही ते ‘बघू नंतर’ म्हणून ठेवलं आहे, ते या आठवड्यात उरका. चौकटी आणि हेडफोनचे मिळून 65 हजार आत्ता बचत खात्यातून काढा, परतावा आला की तिथे भर घाला.

घराच्या सामानाचा विमा असेल तर व्यवसायाची उपकरणं त्यात धरली आहेत का, हे कंपनीकडून लेखी घ्या. बऱ्याचदा ती वगळलेली असतात.

मॉनिटरचा विषय आपण मिक्सिंगचं उत्पन्न सलग दोन तिमाही 75 हजारांच्या वर गेल्यावर उघडू. तेव्हाही सबवूफर यादीत नसेल.