वाचकांचे प्रश्न : जुनी युद्धनौका आतून पाहायची आहे

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आठवीतल्या मुलाला एखादी निवृत्त युद्धनौका आतून दाखवावी असे मनात आहे. बरोबर सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईही असतील. वडोदऱ्याहून कुठे जाणे सोयीचे पडेल? शिवाय जुनी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका भंगारात निघाली, मग बाकीच्या नौका कशा राहिल्या, असे मुलगा विचारतो. त्याला काय सांगावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्याला सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे दीव. वेरावळपर्यंत रेल्वेने जाऊन पुढचा प्रवास रस्त्याने करता येतो. माझगाव गोदीत बांधलेली आणि १९८९ साली नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस खुकरी’ ही क्षेपणास्त्रवाहू नौका डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात संग्रहालयासाठी दीवच्या प्रशासनाकडे सोपवण्यात आली. आत जाण्याच्या वेळा आणि कोणकोणते भाग खुले आहेत हे निघण्यापूर्वी तिथल्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्यावे.

मात्र नौकेकडे जाण्याआधी मुलाला चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या खुकरी स्मारकापाशी न्यावे, असा माझा आग्रह आहे. हे स्मारक याच नावाच्या आधीच्या नौकेचे आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ती दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक कामी आले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. नव्या नौकेला ‘खुकरी’ हेच नाव का दिले, हे मुलाला तिथे वेगळे सांगावे लागणार नाही. (ती पाणबुडी, ‘हंगोर’, आज कराचीच्या सागरी संग्रहालयात जतन केलेली आहे.) सासूबाईंनाही हे ठिकाण अधिक सोयीचे आहे, कारण नौकेतल्या उभ्या लोखंडी शिड्यांची चढउतार तिथे नाही.

मुलाची ओढ खरी असेल आणि लांबचा प्रवास जमण्यासारखा असेल, तर पुढच्या एखाद्या सुट्टीत त्याला विशाखापट्टणमला न्यावे. भारतात एकच जतन केलेली नौका पाहायची असेल, तर मी रामकृष्ण किनाऱ्यावरची ‘कुरसुरा’ ही पाणबुडीच सांगेन. सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडी १९६९ ते २००१ या काळात सेवेत होती आणि २००२ पासून ती संग्रहालय आहे. तिच्या एका टोकाने आत शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर यावे लागते. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल दार लागते. मान खाली घालून, वरच्या दांड्याला धरून, आधी एक पाय आणि मग बाकीचे अंग पलीकडे न्यावे लागते. पुढच्या कप्प्यात पाणतीर सोडण्याच्या सहा नळ्या आहेत. पायाखाली बॅटऱ्यांची जागा आहे, कारण डिझेल इंजिनाला हवा लागते आणि खोल पाण्यात ती मिळत नाही. वर येऊन इंजिन चालवायचे, बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि त्यांच्या बळावर पुन्हा खाली जायचे, असा तिचा क्रम होता. सुमारे ७५ माणसे या नळकांड्यात आठवडेच्या आठवडे कशी राहिली असतील, हे भिंतीला लागून असलेले अरुंद बिछाने पाहिल्यावर कळते. तिथे निवृत्त नौसैनिक माहिती देतात. घाई न करता त्यांना प्रश्न विचारायला मुलाला सांगावे. चित्रफितीत जे मिळत नाही ते त्यांच्या उत्तरांत मिळते. सासूबाईंना मात्र या दारांतून नेऊ नये.

आता ‘विक्रांत’विषयी. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले होते, त्यामुळे ती गेल्याची हळहळ रास्तच आहे. १९९७ साली निवृत्त झाल्यावर ती मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली होती. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ते बंद झाले आणि २०१४ मध्ये ती विकली गेली. खाऱ्या पाण्यात उभे असलेले पोलाद गंजतेच, आणि जिथे पाणी व हवा आलटून पालटून लागते त्या पट्ट्यात ते लवकर खाल्ले जाते. सेवेत असताना नौका ठरावीक काळाने सुक्या गोदीत घेऊन तिचे बूड खरवडतात, रंगवतात, कुजलेले पत्रे बदलतात. निवृत्त नौकेसाठी हा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उरतो. ‘विक्रांत’ २१३ मीटर लांब होती. ‘कुरसुरा’ ९१ मीटरची, शिवाय किनाऱ्यावर ओढून पक्क्या पायावर बसवलेली. म्हणून ती टिकली. ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेसाठी सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करण्याची ८५२ कोटींची योजना महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये मंजूर केली होती, तरी अखेर २०२० मध्ये ती नौका आपल्याच गुजरातेत अलंगला तोडायला आली. एवढी मोठी नौका ठेवायची तर निवृत्तीच्या आधीच गोदी, जागा आणि दरवर्षीचा निधी ठरलेला असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये असते; यंदा तिच्याकडे जाणार आहोत. तिकडच्या जुन्या युद्धनौकांपैकी कोणती पाहावी?
— एक वाचक, राजमहाल रोड, वडोदरा

उत्तर : हार्टलपूलची ‘त्रिंकोमाली’. ही नौका १८१७ साली मुंबईच्या गोदीत, सुरतेहून आलेल्या वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारी सागवानात बांधली. तिचे नकाशे घेऊन निघालेली ‘जावा’ ही नौका १८१२ मध्ये अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत गेली, म्हणून ते पुन्हा मागवावे लागले. आज ब्रिटनमध्ये पाण्यावर तरंगत असलेली ही सर्वांत जुनी युद्धनौका आहे. पोर्ट्समथची ‘व्हिक्टरी’ तिच्याहून जुनी आणि अधिक नावाजलेली असली, तरी ती १९२२ पासून सुक्या गोदीत आहे. हार्टलपूल ईशान्य किनाऱ्यावर, लंडनपासून लांब आहे. तेवढा वेळ नसेल तर लंडनमध्येच थेम्स नदीवर, टॉवर ब्रिजजवळ ‘बेलफास्ट’ ही दुसऱ्या महायुद्धातली नौका पाहता येईल. पण दोन्हींतून एकच निवडायची असेल, तर एक दिवस काढून हार्टलपूललाच जावे.