टेक्सासमधल्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सवर मुंबईत बसून अपील करायचं तर कुठल्या तारखा सांभाळायच्या?

तुम्ही विचारलंय की कायमचे मुंबईत परत आलात, टेक्सासमधलं घर भाड्याने दिलंय, यंदा त्याची किंमत बरीच वाढवून लावलीय, तर ऑक्टोबरात टॅक्सचं बिल आलं की अपील करू का. नाही हो, तोवर गाडी कधीच सुटलेली असते. बिल म्हणजे शेवटचा कागद, भांडायचं असतं ते मे महिन्यात. मी मुलुंडला राहतो, डॅलसकडे आमचं एक घर आहे आणि दरवर्षी मी हे इथूनच करतो, म्हणून सांगतो.

तिथे घराची किंमत धरतात ती १ जानेवारीची. म्हणजे त्या दिवशी घर ज्या अवस्थेत होतं तीच मोजायची, एप्रिलात गारपिटीने छप्पर गेलं तर ते यंदाच्या हिशोबात नाही, उगाच त्याचे फोटो जोडत बसू नका. मग एप्रिल-मेमध्ये काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे घरांच्या किमती लावणाऱ्या कार्यालयाकडून नोटीस येते, आणि प्रोटेस्टची, म्हणजे त्या किमतीला हरकत घेण्याची, शेवटची तारीख असते १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातलं जे नंतर येईल ते. इथेच आपल्यासारखे लोक फसतात, कारण हे ३० दिवस नोटीस त्यांनी पोस्टात टाकली तेव्हापासून मोजतात, तुमच्या हातात पडली तेव्हापासून नाही. आणि ती जातेय भाडेकरूच्या पत्त्यावर, तो उघडणार पण नाही. म्हणून मेलिंग ॲड्रेस आत्ताच बदलून घ्या आणि एप्रिल लागला की अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर आपलं खातं स्वतः उघडून बघत जा. बऱ्याच काउंटीत प्रोटेस्ट ऑनलाइन होतो, फी काही नाही. डॅलस-ह्यूस्टनकडे १५ मेची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे १६ तारखेच्या सकाळचे साडेदहा, पण तेवढ्यावर जाऊ नका बाबा, साइट नेमकी तेव्हाच बसते.

प्रोटेस्ट टाकताना पुरावा लागत नाही, आधी टाकून मोकळे व्हा. कारणांमध्ये दोन्हीवर टिक करा, बाजारभावापेक्षा किंमत जास्त लावलीय हे एक आणि आजूबाजूच्या तशाच घरांच्या मानाने असमान लावलीय हे दुसरं. दुसरं कारण माझ्या मते जास्त कामाचं, कारण टेक्सासमध्ये घर कितीला विकलं हे सरकारी रेकॉर्डवर जाहीर होत नाही, विक्रीचे आकडे आणायचे तर रिअल इस्टेटवाला ओळखीचा पाहिजे, पण शेजारच्या घरांना किती किंमत लावलीय ते साइटवर कोणालाही दिसतं.

मग अप्रेझल रिव्ह्यू बोर्डाच्या, म्हणजे या हरकती ऐकणाऱ्या मंडळाच्या, सुनावणीची तारीख येते, किमान १५ दिवस आधी कळवतात. अप्रेझल डिस्ट्रिक्टवाले तुमच्याविरुद्ध काय पुरावा ठेवणार आहेत तो आधी मागून घ्या, मागितला तर सुनावणीच्या १४ दिवस आधी त्यांना द्यावा लागतो. बऱ्याच केस तर सुनावणीआधी अप्रेझरशी (किंमत लावणाऱ्या अधिकाऱ्याशी) बोलण्यातच मिटतात. हजर राहायला विमानाचं तिकीट काढायची गरज नाही, अफिडेव्हिटवर किंवा फोनवर होतं, फक्त फोनवर हवं तर आधी लेखी कळवायचं आणि पुरावा अफिडेव्हिटसकट आधी पाठवायचा. एजंट नेमलात तरी चालतं, बरेचजण वाचलेल्या टॅक्समधला हिस्सा घेतात. बोर्डाचा निकाल पटला नाही तर ऑर्डर मिळाल्यापासून ६० दिवसांत कोर्ट किंवा आर्बिट्रेशन (लवाद). साध्या घरासाठी कोर्टात जाणं मला तरी परवडण्यासारखं वाटत नाही.

मेची तारीख हुकलीच तर एक बारीकशी खिडकी उरते. घर भाड्याने असेल आणि लावलेली किंमत खऱ्या किमतीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त निघाली तर १ फेब्रुवारीच्या आत दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण जिंकलात तरी दुरुस्त टॅक्सवर १० टक्के दंड आहेच. नोटीस आलीच नाही असं असेल तर त्यासाठी वेगळा प्रोटेस्ट आहे, तोही १ फेब्रुवारीच्या आतच.

अजून एक, घरात राहत नाही म्हणजे होमस्टेड सूट (मालक स्वतः राहतो त्या घराला मिळणारी) आणि टॅक्ससाठी धरायची किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त न वाढवण्याची मर्यादा दोन्ही गेलं, ती सूट जुन्या वर्षाची तशीच चालू असेल तर स्वतःहून कळवा. भाड्याच्या घरांना सध्या अशीच २० टक्क्यांची मर्यादा आहे, साधारण ५० लाख डॉलरपर्यंतच्या मालमत्तेला, पण ती २०२६ अखेरपर्यंतचीच तरतूद आहे. आपल्या मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून टॅक्स माफ झाल्यावर लोक हा विषयच विसरले, तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही त्यामुळे बराच भार घरावर.

आणि प्रोटेस्ट चालू आहे म्हणून पैसे अडवू नका. ३१ जानेवारीपर्यंत भरायचे, १ फेब्रुवारीला थकबाकी धरतात आणि त्याच महिन्यात ६ टक्के दंड अधिक १ टक्का व्याज लागतं. इथल्या बँकेतून पैसे पाठवत असाल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच पाठवा.