नमुना, साचा की प्रतिकृती?

कोल्हापुरात तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: मुलांना दाखवायला जुन्या काचभट्टीचं दहापट लहान मॉडेल करून घेतलंय. पाटीवर 'काचभट्टीचा नमुना' लिहावं की 'साचा'?

ताई, दोन्ही नकोत. नमुना म्हटलं की तांदळाचा नमुना, रक्ताचा नमुना आठवतो. म्हणजे वस्तू तीच, फक्त त्यातली थोडी. तुमची भट्टी तशी नाही, तिच्यात काच वितळणार नाही.

साच्याचं तर उद्यमनगरातल्या ओतकाम कारखान्यांत कुणालाही विचारा. तिथे आधी लाकडाचा पॅटर्न होतो, तो वाळूत दाबून साचा घेतात, मग त्यात वितळलेल्या धातूचा रस ओततात. बिडाचा रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न साधारण एक टक्का मोठा धरतात. १०० मिलिमीटरचा भाग हवा असेल तर पॅटर्न १०१चा. त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात वाढीव मापाची असते! पॅटर्न आणि साचा वस्तूच्या आधी जन्मतात. तुमचं मॉडेल मूळ भट्टी पाहून, तिच्यानंतर केलेलं आहे.

म्हणून 'प्रतिकृती'. शब्द फार जुना आहे. पाणिनीचं सूत्रच आहे 'इवे प्रतिकृतौ' (५.३.९६): घोड्यासारखी केलेली आकृती ती 'अश्वक'. एवढासा 'क' लागला की खऱ्याचं खेळण्यातलं होतं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण प्रतिकृती म्हटल्यावर ती केवढी ते कळत नाही. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरच्या संग्रहालयातले लोहार-कुंभारांचे पुतळे माणसाएवढे आहेत, त्याही प्रतिकृतीच. तेव्हा 'लघुप्रतिकृती' म्हणा आणि पुढे 'प्रमाण १:१०' लिहा. 'प्रमाणबद्ध' मात्र टाळा, त्याने बांधा सुडौल असल्याचं वाटतं.

फ्रान्समध्ये १७८३च्या सुमारास राजघराण्यातल्या मुलांच्या शिक्षिका मादाम द झांलिस यांनी त्या मुलांना धंदे समजावेत म्हणून सुतारशाळा, रसायनशाळा अशा लघुप्रतिकृती हत्यारांसकट करवून घेतल्या. पॅरिसच्या संग्रहालयात त्या आजही आहेत. तुमच्याही भट्टीपुढे हत्यारं मांडा आणि प्रत्येकाला नाव द्या. पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच घेऊन दुसऱ्या टोकाने फुंकतात, तिला 'ब्लोपाइप' कशाला? चुलीपुढे बसणारी आजी जिला फुंकणी म्हणायची, तोच शब्द लिहा.