‘मॅडम, हा जुगार नाही, अभ्यास आहे’

“तो खेळतो कमी आणि बघतो जास्त. विचारलं की म्हणतो, अभ्यास चाललाय.” मी समुपदेशक. ऑनलाइन पोकर खेळणाऱ्या मुलांच्या घरून मला फोन येतात, त्यात हे वाक्य हमखास असतं. बोलणारी कधी आई असते, कधी बायको, एकदा तर सासरे होते. रात्री दोनपर्यंत कानात हेडफोन, स्क्रीनवर कुणी अनोळखी माणूस पत्ते खेळतोय आणि खेळता खेळता समजावतोय, शेजारी वही उघडी. ओरडावं की दिवा चालू ठेवावा, हे घरच्यांना कळत नाही. हा खरंच अभ्यास आहे की बहाणा, एवढंच त्यांना विचारायचं असतं.

उत्तर एका मुलाच्या निमित्तानं देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि नऊ भेटींतलं बोलणं चार-पाच प्रसंगांत आवळून घेतलंय.

त्याला ताई घेऊन आली होती. वय सव्वीस, काम हिशेबाचं. दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवायचे. मी ‘तुम्ही’ म्हटल्याबरोबर “मला अरे-तुरेच करा, मॅडम” म्हणाला, आणि ताई बाहेर जाऊन बसताच सरसावून म्हणाला, “आधी हा खेळ काय आहे ते तुम्हाला सांगू का?”

सांगितलंही छान. “समजा मध्ये शंभर जमलेत. समोरच्यानं पन्नास लावले. मला पन्नास भरून दीडशे मिळवायचेत. म्हणजे चारातून एकदा जिंकलो तरी मी बरोबरीत सुटतो. आता माझ्याकडे इस्पिकची चार पानं झालीत आणि पाचवं हवंय, अजून दोन पानं उघडायचीत, तर ते यायची शक्यता किती, हे मला माहीत पाहिजे. पुढच्या एका पानात शंभरात एकोणीस. दोन्ही पानं बघायला मिळाली तर पस्तीस. यात जुगार कुठे आहे?” मला गणित आवडतं, आणि गणित नीट शिकवणारा माणूस त्याहून आवडतो. पन्नास मिनिटांतली चाळीस त्यानं शिकवलं, मी शिकले. ‘भेट छान झाली’, असं मी वहीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या भेटीत ख्रिस मनीमेकर आला. पोकरवाल्या मुलांशी बोलताना हा येतोच. 2003 साली 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून तो पोकरच्या जागतिक मालिकेच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन घरी गेला. “तोही अकाउंटंटच होता, मॅडम. सत्तावीस वर्षांचा.” तो ‘तोही’ माझ्या कानात राहिला. मी विचारलं, “स्पर्धेत एकूण किती जण होते?” आकडा त्याला पाठ होता. “839.” “उरलेल्या 838 जणांपैकी किती जणांचे व्हिडिओ तू पाहिलेस?” तो हसला, पण ते हसणं मुद्दा पटल्याचं नव्हतं. मास्तरीण बाईंनी नेहमीचं वाक्य टाकलं, एवढंच. उपदेशानं माणूस हलत नाही, हे मला वीस वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.

तिसऱ्या भेटीला तो पडलेल्या चेहऱ्यानं आला. “परवा माझ्याकडे एक्क्यांची जोडी, समोर राजांची. सगळे पैसे मध्ये. आणि शेवटचं पान राजा.”

“असं किती वेळा होतं?”

“शंभरात अठरा वेळा. बॅड बीट म्हणतात त्याला. व्हेरियन्स आहे, मॅडम, नशिबाचे चढउतार. लाँग रनमध्ये फिटतं.”

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या पठडीतली. काय घडलं यापेक्षा, घडल्यावर माणूस स्वतःशी काय बोलतो, तिकडे माझा कान असतो. त्या दिवशी ऐकताना लक्षात आलं की हरण्यासाठी त्याच्याकडे नावांचा डबाच होता. चांगले पत्ते असून हरला की बॅड बीट. दोघांकडेही जबरदस्त पत्ते आले आणि सुटकाच नव्हती की कूलर. महिनाभर हरला की डाउनस्विंग. चिडून खेळला की टिल्ट. प्रत्येक शब्द खरा आणि प्रत्येक व्हिडिओत ऐकलेला. मी विचारलं, “आणि जिंकतोस तेव्हा त्याला काय म्हणतोस?”

“जिंकलो म्हणतो.”

“बरं. मग असा एक डाव सांग, जो तू जिंकलास, पण चुकीचा खेळला होतास.”

तो बोलायला लागला की खुर्चीच्या हातावर बोटं वाजवायचा. ती थांबली. मी घड्याळाकडे बघितलं नाही. समुपदेशनात शांततेचा पहिला अर्धा मिनिट समोरच्याचा असतो आणि नंतरचा आपला. आपल्यालाच ती सहन होत नाही, म्हणून आपण तोंड उघडतो. मी उघडलं नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “चौदा महिन्यांतला एकही आठवत नाही.”

“हरलेले?”

“हरलेले सगळे आठवतात.”

खरं काम तिथून सुरू झालं. त्या प्रश्नाचा मला आजही थोडा अभिमान आहे, कारण तो कुठल्या पुस्तकातून आलेला नाही, त्याच्याच डब्यातून निघाला.

व्हेरियन्सचं गणित त्याला येत होतं, पण अर्धंच. दर शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधीच भरावी लागणारी ठरलेली रक्कम) कमावणारा, म्हणजे बऱ्यापैकी चांगला, खेळाडू घ्या. या खेळातले चढउतार इतके मोठे असतात की दहा हजार डाव खेळल्यावरही अशा दहांपैकी साधारण तिघे तोट्यात असतात. हे त्याला तोंडपाठ होतं आणि तो त्यावर जगत होता. मी म्हटलं, आता हाच कागद उलटा धर. दर शंभर डावांमागे पाच गमावणारा खेळाडू दहा हजार डावांनंतर नफ्यात असण्याची शक्यता किती? हिशेबाचा माणूस. ओठ हलले. “तेवढीच. दहात तीन.” थोड्या वेळानं, हळू आवाजात, “म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतला माझा नफा…” वाक्य त्यानं पुरं केलं नाही. मीही केलं नाही.

इथे व्हिडिओंविषयी बोलायला हवं. वाईट व्हिडिओ असतातच, पण त्यांच्यामुळे फसणारे कमी. चांगल्यांमुळे फसणारे जास्त. टीव्हीवरचं पोकर पूर्वी कंटाळवाणं होतं, कारण हातातली पानं दिसायची नाहीत. 1999 मध्ये ब्रिटनमधल्या एका कार्यक्रमात टेबलाला काच बसवून खालून कॅमेरा लावला आणि बघणाऱ्याला सगळ्यांचे पत्ते दिसायला लागले. खेळ एकदम रंगला. पण दोघांची पानं दिसत असताना कुणाचं चुकलं हे कोणीही सांगेल. त्यात क्लिपमध्ये मोठे पॉट, म्हणजे मध्ये भरपूर पैसे जमलेले डाव, तेवढे ठेवतात. सहा जणांच्या टेबलावर चांगला खेळाडू चारांतले जवळजवळ तीन डाव पानं बघूनच सोडून देतो. ते सोडणं कोण बघणार? त्यामुळे शिकणाऱ्याच्या डोक्यात खेळ म्हणजे धाडस आणि ब्लफ असंच बसतं, आणि ज्यानं पैसे वाचतात ते बसून राहणं कुणी शिकवतच नाही.

म्हणून मी त्याला घरचा अभ्यास दिला. नेहमीचाच व्हिडिओ लावायचा. स्क्रीनवर पत्ते आणि टक्केवारी जिथे दिसतात तिथे चिकटणारा कागद लावायचा. प्रत्येक निर्णयाआधी व्हिडिओ थांबवून वहीत लिहायचं: समोरच्याकडे काय असेल, मी काय करीन. मग कागद काढायचा. वीस डाव.

पुढच्या वेळी वही माझ्यासमोर ठेवली. निळ्या शाईत अंदाज, लाल शाईत खरं. वीसपैकी सहा जुळले होते. पिवळा कागद सतत काढून-लावून गोंद गेलेला, तोही वहीतच दाबून ठेवलेला. “कागद नव्हता तेव्हा वीसच्या वीस कळत होते, मॅडम.”

तर त्या नेहमीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. बघणं म्हणजे अभ्यास नव्हे, आणि ते बहाणा असेलच असंही नाही. आधी स्वतःचा अंदाज लिहून मग उत्तर बघणारा मुलगा शिकत असतो. उत्तर बघून “मीही हेच केलं असतं” म्हणणारा करमणूक करून घेत असतो. करमणुकीला माझी ना नाही, पण तिच्या जोरावर पैसे लावायचे नसतात. सॉल्व्हरचे, म्हणजे सर्वोत्तम खेळी काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरचे, तक्ते पाठ करणाऱ्यांनाही हेच लागू. सॉल्व्हर समोरच्यालाही अचूक खेळणारा धरून उत्तर काढतो, आणि रात्री दीड वाजता समोर बसलेला माणूस अचूक खेळणारा नसतो. आणखी एक, शिकवणाऱ्याचं पोट कशावर चालतं तेही बघावं. खेळून, शिकवणीच्या फीवर, की त्याच्या लिंकवरून खातं उघडणाऱ्या प्रत्येकामागे मिळणाऱ्या कमिशनवर? तिसरं असेल तर तो शिक्षक नाही, विक्रेता आहे. गोड बोलतो, चांगलंही शिकवतो, पण विक्रेता.

घरच्यांना एक विनंती. “आज जिंकलास की हरलास?” हे विचारणं बंद करा. या प्रश्नानं तुम्हीच त्याला निकालाकडे बघायला शिकवता. त्याऐवजी महिन्याचा लेखी हिशेब मागा, किती भरले आणि किती काढले. कंपनी प्रत्येक पॉटमधून जो रेक, म्हणजे स्वतःचा वाटा, कापते तो त्यात आपोआप येतो. पाचव्या भेटीत मी त्याला हाच हिशेब करायला बसवलं. दुसऱ्यांची पै न पै जुळवणाऱ्या या मुलानं चौदा महिन्यांत स्वतःची बेरीज एकदाही केली नव्हती. अर्ध्या तासात आकडा आला: साडेतीन पगार. त्यातला एक मित्राकडून उसना घेतलेला, एक ताईकडून, दुसरंच कारण सांगून.

इथे मात्र शिकण्या-शिकवण्याची भाषा बंद करावी लागते. लपवणं, उसनवारी, हरलेलं भरून काढायला पुन्हा बसणं, खेळायला मिळालं नाही की चिडचिड, यांतलं काही दिसत असेल तर प्रश्न डाव सुधारण्याचा राहत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेनं 2013 च्या पाचव्या आवृत्तीत जुगाराचा विकार दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्या प्रकरणात घातला, तो उगाच नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, लाज बाळगू नये. पैसे लावून खेळणं तुम्ही राहता तिथे कायदेशीर आहे का, हेही एकदा बघून घ्यावं. आमच्या या मुलात वरच्यांपैकी तीन गोष्टी होत्या. त्यानं स्वतःवर बंदी घालून घेण्याची सोय वापरून खातं बंद केलं, ताईला खरं सांगितलं (ती तासभर बोलली नाही, मग हप्ता ठरवून दिला), आणि माझ्या सांगण्यावरून डॉक्टरांनाही भेटला. व्हिडिओ तो अजून बघतो, कागद लावून. मी अडवलं नाही.

नवव्या, शेवटच्या भेटीत उठता उठता त्यानं विचारलं, “मॅडम, आता तुमची एक केस सांगा. जिंकलेली, पण चुकीची खेळलेली.”

माझं घड्याळ बघून झालं, चष्मा पुसून झाला. मग म्हटलं, “तुझीच. उसने पैसे घेतलेस का, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. पाचव्या भेटीपर्यंत विचारलं नाही. तू छान शिकवत होतास, आणि मला ऐकायला आवडत होतं. मधल्या दीड महिन्यात तू तिसरं कर्ज काढलं असतंस तर?”

त्यानं वही काढली. “लिहू?”

“लिही.”

तारीख विचारली, म्हणून मी माझी वही उघडून पहिल्या भेटीचं पान शोधलं. तारखेखाली माझ्याच अक्षरात एकच ओळ होती, ‘भेट छान झाली’.