ऑक्सिजन निघाला म्हणून डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नका

ताई, तुम्ही लिहिलंत, बाळ ३० आठवड्यांना जन्मलेलं, जन्माचं वजन १३५० ग्रॅम, आज २६ दिवसांचं, ऑक्सिजन काढून आठवडा झालेला, आणि घरी सोडताना सांगितलं की "डोळे दीड महिन्याच्या लसीला आलात की बघू". हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय. दीड महिना थांबू नका. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, असं आपल्याकडचं धोरण आहे. हे दिवस जन्मापासून मोजायचे, घरी सोडल्यापासून नाही. म्हणजे तुमच्या हातात चार दिवस आहेत.

तुम्ही विचारलंय, ऑक्सिजन निघाला म्हणजे धोका टळला ना? मी डॉक्टर नाही, पण आरओपीचं, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या आजाराचं, हेच आम्हाला फार उशिरा कळलं. पोटात असताना पडद्याच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि बाहेरच्या कडेपर्यंत पोचायला जवळपास ४० आठवडे लागतात. लवकर जन्मलेल्या बाळाच्या पडद्याची कड रिकामीच असते. बाहेर आल्यावर पोटातल्यापेक्षा खूप जास्त ऑक्सिजन मिळतो, त्यामुळे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन कमी बनतं. त्याचं काम फक्त वाहिन्या वाढवण्याचं नाही. कोवळ्या वाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींना "जगा" असा निरोपही तेच देतं. तो निरोप थांबला की त्या पेशी स्वतःला संपवायची आतली यंत्रणा सुरू करतात (याला अपॉप्टोसिस म्हणतात) आणि होत्या त्या वाहिन्याही झडतात. हे सगळं गाजावाजा न होता, बाळ पेटीत असताना.

पुढे काही आठवड्यांनी पडदा मोठा होतो, त्याची भूक वाढते आणि रक्त पोचत नाही. मग व्हीईजीएफचा पूर येतो. वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात, पडदा सोडून डोळ्याच्या पोकळीत शिरतात आणि शेवटी पडद्यालाच ओढून सोडवतात. हा दुसरा टप्पा बहुतेकदा ऑक्सिजन सुटल्यावर, वजन छान वाढत असताना येतो. बाहेरून काहीही दिसत नाही.

आमच्या मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर "डोळे" असा छापील रकाना होता आणि त्यात "एनएडी" लिहिलं होतं, म्हणजे दोष आढळला नाही. तपासलं होतं ते टॉर्च मारून! बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा कोणी बघितलाच नव्हता. पुढे पडद्याच्या डॉक्टरांनी ऑक्सिजनच्या नोंदी मागितल्या, तेव्हा त्या दवाखान्याच्या रेकॉर्डच्या खिडकीवर "साहेब रजेवर आहेत", "अर्ज इंग्रजीत द्या", "फाइल खाली गोडाऊनला गेली" असं ऐकत राहिलो. आजही संताप येतो. उजवा डोळा लेसरने वाचला. डाव्याचा पडदा तोवर सुटू लागला होता, शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्याने त्याला आज फक्त उजेड-अंधार कळतो. एक ओळ कार्डावर बरोबर लिहिली असती तर!

तुम्हाला कोणी नोंदी द्यायला टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्यात, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीत आहे. पण त्यासाठी तपासणी अडवू नका, ती आधी.

ऑक्सिजन दिला म्हणून मात्र एनआयसीयूवर (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागावर) राग धरू नका. १९५१ साली मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी जास्त ऑक्सिजन आणि हा आजार यांचा संबंध दाखवल्यावर जगभर ऑक्सिजन आखडता घेतला गेला, तर बाळं दगावू लागली. अलीकडच्या चाचण्यांतही प्रमाण फार खाली ठेवलं तर आरओपी कमी होतो, पण मृत्यू वाढतात, असंच दिसलं. जीव आधी.

तपासणीनंतर "ठीक आहे" एवढ्यावर उठू नका. झोन (आजार पडद्याच्या कुठल्या भागात आहे), स्टेज (किती पुढे गेलाय), प्लस (वाहिन्या फुगून वाकड्या झाल्यात का) आहे की नाही आणि पुढची तारीख हे चारही कागदावर लिहून घ्या. उपचार लागला तर तो दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. लेसर रिकामी कड जाळून व्हीईजीएफची मागणीच कमी करतो, इंजेक्शन तयार व्हीईजीएफला अडवतं. कुठलं घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. माझं मत विचाराल तर, गावाहून येणाऱ्यांनी इंजेक्शन घेताना "तपासण्या किती महिने?" हे आधी विचारावं. इंजेक्शननंतर आजार बऱ्याच आठवड्यांनी पुन्हा उलटू शकतो आणि तोपर्यंत लोक निवांत झालेले असतात.

तपासणीच्या अगदी आधी पोटभर पाजू नका, नाहीतर उलटी होते. तासभर आधी पाजलेलं बरं. बाळ जोरात रडेल, पापण्यांना चिमटा लावतात तो बघवत नाही, तुम्हाला जमत नसेल तर आजीला किंवा आत्याला आत पाठवा. तुम्ही गाव लिहिलं नाहीत. सगळ्याच डोळ्यांच्या दवाखान्यांत बाळाचा पडदा तपासत नाहीत, म्हणून निघण्याआधी फोन करून "आरओपी बघता का?" एवढंच विचारा. जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूमध्येही (आजारी नवजात बाळांच्या कक्षातही) विचारा, कुठे पाठवायचं ते तिथे माहीत असतं.