‘आत्ता काय वाटतंय?’ याला उत्तर सुचत नाही

मावशी, मी 37 वर्षांची, पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. गेल्या वर्षी मुलाचं ऑटिझमचं निदान झालं. डॉक्टर त्याच्याबद्दल विचारत होते आणि मला माझंच लहानपण आठवत होतं. मीही तपासून घेतलं, मीही ऑटिस्टिक निघाले. ऑफिसच्या हॉलमधला गोंगाट सोसत नाही. साहेब म्हणतात, ‘तुम्ही मिसळत नाही.’ समुपदेशक विचारतात, ‘आत्ता काय वाटतंय?’ मी गप्प होते, त्यांना वाटतं मी टाळतेय. मुलाला शाळेत अर्ज देऊन भिंतीकडचा बाक मिळवून दिला, पण स्वतःसाठी तोंड उघडत नाही. ऑफिसात सांगू का?
– अबोल

प्रिय अबोल,

तुझं पत्र चार पानांचं आहे आणि त्यात एकही वाक्य धूसर नाही. तुला जड जातं ते समोर बसून, लगेच, तोंडी सांगणं. समुपदेशकांना हेच कळव, तेही लिहून. भावनेला नाव देणं अनेक ऑटिस्टिक माणसांना अवघड जातं. छातीवरचं दडपण, आवळलेला जबडा आधी जाणवतो. तो राग होता की भीती, ते दोन दिवसांनी उमगतं. याला टाळाटाळ म्हणणं अन्यायाचं आहे. प्रश्न आदल्या दिवशी मागून घे, उत्तरं वहीत लिहून ने, बोलताना खुशाल खिडकीबाहेर बघ. इतकं सांगूनही ‘माझ्याकडे बघून बोल’ हाच आग्रह राहिला, तर दुसरं कुणी शोध आणि ऑटिस्टिक प्रौढांबरोबर काम केलंय का, हे पहिल्याच फोनवर विचार. इतकी वर्षं तू चारचौघींसारखं हसणं-बघणं पाठ करून निभावलंस. त्या खोलीतही तेच करावं लागलं, तर तुला विसावा कुठे मिळणार?

ऑफिसात निदान सांगणं वेगळं, सोय मागणं वेगळं. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, म्हणून मी आधी सोय मागेन. साहेबांना छोटा मेल कर: प्रिंटर आणि पॅन्ट्रीपासून लांबची जागा, हेडफोन लावायची मुभा, तोंडी सांगितलेलं काम नंतर मेलवर. यामुळे कामात काय सुधारेल, तेही लिही. ‘मिसळत नाही’ हे मूल्यमापनात आलं, तर त्यामुळे कोणतं काम अडलं, हे नम्रपणे पण लेखी विचार. हा शेरा वाचून मला फार वाईट वाटलं. तुझं काम ताळेबंद जुळवण्याचं आहे.

एवढ्यावर भागलं नाही तर एचआरकडे जा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम नावानिशी आहे, आणि कलम 21 प्रमाणे खासगी कंपनीनेही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. ते मागून वाच. निदान सांगायचं ठरलंच, तर ते कुणाकुणाला कळेल, हे आधी विचारून घे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा निकष आरक्षणासारख्या लाभांसाठी असतो. खुर्ची हलवून मागायला त्याची वाट बघू नकोस.

शाळेला दिलेल्या त्या अर्जाची प्रत तुझ्याकडे असेलच. साहेबांना करायचा मेल ती समोर ठेवून लिही.

– तुझी मावशी