एकात्मिक कीड व्यवस्थापन, म्हणजे किडीवर लक्ष ठेवून गरज पडली तरच फवारणं, खरंच परवडतं का? कीड दिसली की लगेच फवारलं तर काय बिघडतं?

परवडतं, पण पैसा वाचतो तो टाळलेल्या फवारण्यांमुळे. कीड करेल ते नुकसान औषध अधिक मजुरीपेक्षा कमी असेल तर फवारणी म्हणजे पदरचा तोटा, दोन्ही बरोबरीत येतात तिला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात, कॅलिफोर्नियातल्या कीटकशास्त्रज्ञांनी हे १९५९ मध्येच मांडलंय. म्हणून कपाशीत गुलाबी बोंडअळीचे एका कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) रोज ८ पतंग, असं सलग ३ रात्री झालं की मगच फवारणीचं बघायचं. उगाच आधी मारलं की ढालकिडे, क्रायसोपा हे कीड खाणारे मित्रकीटक मरतात आणि मावा, पांढरी माशी जास्तच बोकाळते, हा खर्च तर कोणी धरतच नाही. फक्त व्हायरस पसरवणारी कीड असेल तर ही पातळी फार खाली असते, तिथे वाट बघत बसू नका.